तर्कसंग्रहातला ‘अनुव्यवसाय’: नेमका अर्थ काय, आणि मराठीत काय म्हणायचं?

हळदपेठ (सांगली)

इथे सांगलीत आमचा एक छोटा गट रविवारी सकाळी अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह (न्यायदर्शनाचं प्रवेशाचं पुस्तक) वाचतो. संस्कृत जेमतेम शाळेपुरतं, त्यामुळे प्रत्येक भागाचं मराठी टिपण काढून वाटायचं ठरलं आहे. ते काम माझ्याकडे आहे.

‘सर्वव्यवहारहेतुर्गुणो बुद्धिर्ज्ञानम्’ हे लक्षण समजलं. बोलणं, घेणं, टाकणं, सगळ्या व्यवहाराला जो गुण कारण तो म्हणजे बुद्धी, आणि बुद्धी म्हणजेच ज्ञान. पण त्यावरच्या दीपिकेत, म्हणजे अन्नंभट्टाच्याच टीकेत, ‘जानामि’ (मी जाणतो) अशा अनुव्यवसायाने कळणारं जे ज्ञानत्व (ज्ञानपणा) तेच खरं लक्षण, असं येतं. तिथे गाडी अडली.

गटात तीन शब्द सुचवले गेले: आत्मभान, अंतर्निरीक्षण, फेरविचार. एकाने ‘अनुव्यवसाय म्हणजे जोडधंदा’ असंही सांगून टाकलं (हळदीचे सौदे चालतात त्या गावात दुसरं काय सुचणार!). मला तिन्ही शब्द पटत नाहीत, पण का पटत नाहीत ते धड सांगता येत नाही.

शंका अशा: अनुव्यवसाय आणि मानसप्रत्यक्ष (मनाने थेट कळणं) एकच का? आणि ‘ज्ञान’ या अर्थी टिपणात सरसकट ‘संज्ञान’ वापरलं तर चालेल का? हल्ली बरेच जण वापरतात.

---

घाटावरचा_वाईकर

जोडधंद्यापासूनच सुरुवात करू, कारण ती चूक दिसते तितकी वेडगळ नाही.

व्यवसाय हा शब्द वि + अव + सो असा बनतो. ‘सो’ धातूचा अर्थ संपवणं, शेवटाला नेणं. म्हणून व्यवसाय म्हणजे डळमळ संपवून केलेला निश्चय. गीतेत ‘व्यवसायात्मिका बुद्धि’ (२.४१) आहे तीही निश्चय करणारी बुद्धी, धंदेवाईक नव्हे. न्यायसूत्रात प्रत्यक्षाचं लक्षण (१.१.४) सांगताना ‘व्यवसायात्मकम्’ म्हटलं आहे, तिथेही संशय नसलेलं, ठाम. पुढे माणूस निश्चयाने ज्यात पडतो ते काम म्हणजे व्यवसाय, आणि मराठीत तेवढाच अर्थ उरला. अध्यवसाय हाही त्याच धातूचा. सांख्यकारिकेत (२३) ‘अध्यवसायो बुद्धिः’ म्हणजे निश्चय हीच बुद्धी. मराठीत मात्र अध्यवसाय म्हटलं की चिकाटी आठवते.

आता अनुव्यवसाय. ‘अनु’ म्हणजे मागोमाग. आधी ‘हे हळकुंड आहे’ असं ज्ञान होतं, तो व्यवसाय. लगेच मागून ‘मी हळकुंड जाणतो’ असं ज्ञान होतं, तो अनुव्यवसाय. पहिल्याचा विषय हळकुंड. दुसऱ्याचा विषय पहिलं ज्ञान.

सौद्यात ढिगासमोर उभं राहून बघा. पोत्यातून एक कांडी उचलली, हातात घेतली. डोळ्याचा कांडीशी संयोग, मनाचा डोळ्याशी, आत्म्याचा मनाशी. ही साखळी जुळली की ‘हे हळकुंड’. इथे ‘हे’ म्हणजे समोरची वस्तू हा विशेष्य, आणि ‘हळकुंडपणा’ हा तिच्यावर बसलेला प्रकार. न्यायात ‘प्रकार’ म्हणजे विशेषण, मराठीतला ‘तऱ्हा’ नव्हे. टिपणात ही गोष्ट पहिल्याच पानावर लिहा, नाहीतर पुढे गोंधळ होतो.

आता ज्ञान हा न्यायमते आत्म्याचा गुण. तो आत्म्यात समवाय संबंधाने, म्हणजे वेगळा न काढता येणाऱ्या संबंधाने राहतो. मन आत्म्याला जोडलेलंच आहे. म्हणजे मनाचा त्या ज्ञानाशी जो संबंध येतो तो ‘संयुक्तसमवाय’: मनाशी संयुक्त आत्मा, त्यात समवेत ज्ञान. घटाचा रंग डोळ्याला दिसतो तेव्हा जो संबंध लागतो, तोच. फरक एवढाच की तिथे डोळा होता, इथे मन आहे, आणि तिथे घट होता, इथे आत्मा. ज्ञानावरचं ज्ञानत्व कळायचं तर आणखी एक पायरी, संयुक्तसमवेतसमवाय.

म्हणून अनुव्यवसाय हे प्रत्यक्षच आहे, डोळ्यांऐवजी मनाने झालेलं. तो विचार नव्हे, अनुमान नव्हे, स्मरणही नव्हे. तुमचा ‘फेरविचार’ इथेच बाद होतो.

---

कराडचा_संगम

वाईकरांशी सहमत. मानसप्रत्यक्षाच्या प्रश्नाबद्दल:

मानसप्रत्यक्ष ही मोठी परडी, अनुव्यवसाय त्यातली एक वस्तू. मनाने कळणाऱ्या गोष्टींची यादी भाषापरिच्छेद या न्यायग्रंथात एका ओळीत आहे: ‘मनोग्राह्यं सुखं दुःखमिच्छा द्वेषो मतिः कृतिः’. म्हणजे सुख, दुःख, इच्छा, द्वेष, ज्ञान आणि प्रयत्न. शिवाय ‘मी’ म्हणून आत्माही. यापैकी ज्ञानाचं मानसप्रत्यक्ष तेवढं अनुव्यवसाय. दात दुखतोय हे कळणं मानसप्रत्यक्ष आहे, पण अनुव्यवसाय नाही.

आत्म्याचेच गुण असून मनालाही न दिसणारे तीन आहेत: धर्म (पुण्य), अधर्म (पाप) आणि संस्कार (आठवण घडवणारा ठसा). ते अनुमानानेच. लोक इथे चुकतात, ‘आतलं ते सगळं मनाला दिसतं’ असं धरून चालतात.

दुसरा सापळा निर्विकल्पक ज्ञानाचा, म्हणजे ‘हे अमुक’ अशी जोडणी होण्याआधीच्या नुसत्या जाणण्याचा. त्याचा अनुव्यवसाय होत नाही. त्याच भाषापरिच्छेदात त्याला अतीन्द्रिय (इंद्रियांना न कळणारं) म्हटलं आहे. कारण सोपं आहे. ‘मी हळकुंड जाणतो’ म्हणताना ज्ञानाला ‘हळकुंडाचं’ असं ओळखीचं लेबल लागतं. निर्विकल्पकात विशेष्य-प्रकार अशी जोडणीच झालेली नसते, मग ‘मी अमुक जाणतो’ यात अमुकच्या जागी काय घालणार? म्हणून निर्विकल्पक आहे हे नैयायिक (न्यायदर्शनाचे लोक) अनुमानाने सिद्ध करतात, अनुभवाचा दाखला देऊन नाही.

आणि एक गंमत. ‘मी हळकुंड जाणतो’ यात हळकुंडही आलं ना? पण मन बाहेरच्या वस्तूपर्यंत एकटं पोचत नाही, ‘परतन्त्रं बहिर्मनः’, बाहेरच्या बाबतीत मन परावलंबी. मग अनुव्यवसायात बाहेरचं हळकुंड शिरलं कुठून? उत्तर: आधीच्या ज्ञानाच्या पाठीवर बसून. याला ज्ञानलक्षण प्रत्यासत्ती म्हणतात. लांबून चंदनाचं खोड बघून ‘सुगंधी चंदन’ म्हणतो तेव्हा वास नाकापर्यंत आलेला नसतो, पूर्वीचं ज्ञानच तो पुरवतं. तीच युक्ती इथे.

---

हळदपेठ (सांगली)

वाईकर, संगम, दोघांचे आभार. हे बरंच सुटलं. पण गटातल्या एका सदस्याने आजच एक मुद्दा काढला आणि मला उत्तर देता आलं नाही. हळकुंडाचं ज्ञान कळायला दुसरं ज्ञान लागतं, तर दुसरं कळायला तिसरं, तिसऱ्याला चौथं. हे थांबतं कुठे?

---

पाटकरी

तुमच्या सदस्याने पतंजलीचाच प्रश्न विचारलाय. योगसूत्रांच्या कैवल्यपादात २१वं सूत्र आहे: ‘चित्तान्तरदृश्ये बुद्धिबुद्धेरतिप्रसङ्गः स्मृतिसंकरश्च’. एका चित्ताला दुसऱ्या चित्ताने बघायचं म्हटलं तर बुद्धीला बघणारी बुद्धी, तिला बघणारी आणखी एक, अशी अनवस्था (न संपणारी मालिका) होते, वर आठवणींचाही गुंता. योगमते चित्तवृत्ती कायम जाणलेल्याच असतात, कारण त्यांचा स्वामी पुरुष बदलत नाही (४.१८).

नैयायिकाचं उत्तर वेगळं. तो विचारतो, ज्ञानाने काम करायला ते स्वतः कळलेलं असण्याची गरजच काय? डोळा दिसावा लागतो का, तेव्हा वस्तू दिसते? हळकुंड ओळखलं, उचललं, भाव केला, एवढं सगळं व्यवसायावर होतं. अनुव्यवसाय झाला नाही तरी काही अडत नाही. आणि मन दुसऱ्या विषयाकडे वळलं की मालिका तुटते. त्याला ‘विषयान्तरसंचार’ म्हणतात. म्हणून बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीवर थांबतं.

पण या उत्तराला एक अट लागते: मन एका वेळी एकाच गोष्टीशी. ‘युगपज्ज्ञानानुत्पत्तिर्मनसो लिङ्गम्’ (न्यायसूत्र १.१.१६), एकाच वेळी अनेक ज्ञानं होत नाहीत हीच मनाची खूण. म्हणून मन अणू मानलं. मोठं असतं तर पाचही इंद्रियांना एकदमच टेकलं असतं.

यावर जुना आक्षेप असा की मोठी कुरकुरीत पुरी खाताना रंग, आवाज, चव, वास, स्पर्श सगळं एकदम कळतं की नाही? ग्रंथांत तिला शष्कुली म्हणतात. सांगलीकरांनी तिथे भडंग घाला. मूठभर तोंडात टाकली की कुरकुर ऐकू येते, लसणाचा वास, तिखट, तेलाचा चिकट हात. नैयायिक म्हणतो, हे सगळं एकामागून एक घडतं, पण इतकं वेगाने की एकदम वाटतं. कमळाच्या शंभर पाकळ्यांची चळत सुईने भोसकली तर सुई एकेकीतूनच जाते, पण वाटतं एका दणक्यात. पटो न पटो, त्याच्या पद्धतीत याखेरीज पर्याय नाही. एकदम पाच ज्ञानं मान्य केली तर अणुमन गेलं.

माझं मत विचाराल तर अनवस्थेचं उत्तर मजबूत आहे, भडंगाचं लंगडं.

---

मिरजेचा_जवारी

इतर दर्शनांची बाजू थोडक्यात टाकतो, टिपणात चौकट करून देता येईल.

भाट्ट मीमांसक (कुमारिलाचे) म्हणतात, ज्ञान प्रत्यक्ष दिसतच नाही. ज्ञान झालं की वस्तूवर ‘ज्ञातता’ नावाचा धर्म येतो, वस्तू ‘जाणलेली’ होते. त्या ज्ञाततेवरून आपण ज्ञानाचं अनुमान करतो. म्हणजे ज्ञान अनुमेय.

प्राभाकर उलट टोकाला: ज्ञान स्वप्रकाश. ‘मी हे जाणतो’ यात जाणणारा, जाणलेलं आणि जाणणं ही त्रिपुटी एकाच झटक्यात उजळते. मागून काही यायला नको.

बौद्धांत दिङ्नागाच्या परंपरेत ‘स्वसंवेदन’: प्रत्येक ज्ञान स्वतःला जाणतं. आणि इथेच तुमच्या मानसप्रत्यक्षाच्या शंकेत एक खड्डा आहे. धर्मकीर्ती प्रत्यक्षाचे चार प्रकार करतो: इंद्रियज्ञान, मनोविज्ञान, स्वसंवेदन, योगिज्ञान. त्यातल्या मनोविज्ञानालाही ‘मानसप्रत्यक्ष’ म्हणतात. पण ते सुखदुःखाचं ज्ञान नव्हे. इंद्रियज्ञान झालं की त्याला निमित्त करून, त्याच विषयाच्या लगतच्या पुढच्या क्षणाबद्दल होणारं ज्ञान, असा त्याचा अर्थ. शब्द एक, वस्तू दोन. बौद्ध ग्रंथातलं ‘मानसप्रत्यक्ष’ घेऊन न्यायाच्या उत्तरात टाकलेलं परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत हमखास दिसतं.

अद्वैतवाल्यांवर पाटकरी लिहितील बहुतेक. पाटाच्या पाण्याचा दृष्टान्त तिथलाच, आणि नावच पाटकरी आहे, हुकलं तर लाज!

---

पाटकरी

😄 हुकवत नाही.

धर्मराजाध्वरीन्द्राच्या वेदान्तपरिभाषेत (अद्वैताचा ग्रंथ) प्रत्यक्षाला दिलेला दृष्टान्त कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही. तळ्यातलं पाणी भोकातून बाहेर पडतं, पाटाने जातं, वाफ्यात शिरतं आणि वाफ्याच्या आकाराचं होतं, चौकोनी वाफा असेल तर चौकोनी. तसं अंतःकरण डोळ्यातून बाहेर पडून वस्तूवर जातं आणि तिच्या आकाराचं होतं. त्या बदलाला वृत्ती म्हणायचं. मूळ शब्द ‘केदार’ म्हणजे वाफा, ‘कुल्या’ म्हणजे पाट. खोडशीच्या बंधाऱ्यावरून निघालेला कृष्णा कालवा, मग चारी, मग दंड, मग सरी, असं डोळ्यासमोर आणलं की ‘वृत्ती विषयाकार होते’ हे वाक्य कोरडं राहत नाही.

मग ही वृत्ती कळते कुणाला? साक्षीला. मागून येणाऱ्या दुसऱ्या वृत्तीने नाही. वृत्ती साक्षीभास्य आहे, म्हणजे थेट साक्षीच्या उजेडात दिसते, म्हणून अनुव्यवसाय लागतच नाही, अनवस्थाही नाही.

इथे एक चूक टाळा. साक्षीला दारं धरणारा, म्हणजे पिकाला पाणी देणारा, समजू नका. दारं धरणारा खोरं चालवतो, बारं फोडतो, बांध घालतो. साक्षी काही करत नाही. पाणी आलं, गेलं, वाफा भरला, कोरडा राहिला, हे सगळं ज्या उजेडात दिसतं तो उजेड म्हणजे साक्षी. पंचदशी या अद्वैतग्रंथातला नाटकदीप (१०वं प्रकरण) हेच सांगतो: रंगशाळेतला दिवा मालकाला, प्रेक्षकांना, नर्तकीला सारखाच दाखवतो, आणि सगळे उठून गेले तरी जळत राहतो. विष्णुदास भाव्यांच्या गावात हा दृष्टान्त तरी नक्की रुजेल.

आणखी एक महत्त्वाचं. याच ग्रंथात मन हे इंद्रियच नाही असं बजावून सांगितलं आहे, कठोपनिषदातल्या इंद्रियांहून मन वेगळं मोजणाऱ्या वचनाचा आधार घेऊन. तेव्हा वेदान्ताच्या टिपणात ‘मन नावाच्या इंद्रियाने’ असं लिहू नका. न्यायाच्या टिपणात ते लिहायलाच हवं.

---

घाटावरचा_वाईकर

आता शब्दांकडे. यादीतले तीन शब्द का नकोत ते सरळ सांगतो.

‘आत्मभान’ मराठीत स्वतःची ओळख, अस्मिता, जाणतेपणा या वळणाने जातं. अनुव्यवसायाला स्वतःबद्दल काही शोध लागण्याची गरज नाही. ‘मला ढेकूळ दिसतंय’ एवढाही अनुव्यवसायच.

‘अंतर्निरीक्षण’ ही मानसशास्त्रातली पद्धत आहे, मुद्दाम ठरवून, लक्ष देऊन आतल्या अनुभवाची नोंद घेण्याची. अनुव्यवसाय आपोआप होतो, साधन जुळलं की.

‘फेरविचार’ बाद झालाच.

सगळ्यात महत्त्वाचं, अनुव्यवसायाने ज्ञान *खरं आहे* हे कळत नाही. फक्त ज्ञान *झालं* हे कळतं. ही गोष्ट टिपणात ठळक हवी. पुन्हा हळकुंडाकडे या. बाहेरून चकचकीत पॉलिश केलेलं, वरून गर्द पिवळं दिसणारं हळकुंड बघून ‘हे उत्तम’ असं ज्ञान झालं. कांडी मोडली. आतला रंग फिका, मोडताना कडक आवाजही नाही. म्हणजे पहिलं ज्ञान भ्रम. पण ‘मला उत्तम हळकुंडाचं ज्ञान झालं’ हा अनुव्यवसाय खोटा ठरला का? नाही. तसं ज्ञान झालं होतं हे खरंच आहे. शिंपल्यात रुपं दिसण्याचं जुनं उदाहरण नेमकं असंच.

मग खरेपणा कशाने? नैयायिक परतःप्रामाण्यवादी, म्हणजे ज्ञानाचा खरेपणा बाहेरच्या खुणेवरून ठरवणारे. ज्ञानावरून केलेली कृती फळाला आली की अनुमान: ‘हे ज्ञान प्रमा (खरं ज्ञान) आहे, कारण सफल प्रवृत्तीला जन्म देतं.’ कांडी मोडणं हीच ती प्रवृत्ती. व्यापाऱ्याने ढिगावर नुसती नजर टाकून पावती फाडली नाही, कांडी मोडून बघितली, यात अख्खं परतःप्रामाण्य आलं.

अनुव्यवसायाचा दुसरा उपयोगही टिपा: ज्ञान कोणत्या जातीचं ते तो सांगतो. कारखान्याचं धुराडं धूर सोडतंय म्हणून ‘खाली भट्टी पेटली आहे’ असं कळलं, तर मागून ‘अनुमिनोमि’ (मी अनुमान करतो) असा अनुव्यवसाय येतो, ‘पश्यामि’ (मी पाहतो) असा नाही. अनुमान हे प्रत्यक्षाहून वेगळं, याला नैयायिक हाच दाखला देतात.

---

कराडचा_संगम

‘संज्ञान’बद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

नका वापरू. तीन कारणं. एक, मराठीत ‘सज्ञान’ म्हणजे अठरा वर्षं पूर्ण झालेला, कायद्याने वयात आलेला. टिंब पडायचं राहिलं तर ‘सज्ञान होण्याची प्रक्रिया’ असं छापून येतं, आणि ते येतंच. दोन, हिंदीत ‘न्यायालय ने संज्ञान लिया’ म्हणतात, त्याची नक्कल म्हणून हल्ली बातम्यांत ‘संज्ञान घेतले’ दिसतं. त्याला मराठीत ‘दखल घेतली’ असा चांगला शब्द आहे, दखलपात्र गुन्हा त्यातलाच. तीन, बौद्ध दर्शनात ‘संज्ञा’ हा पाच स्कंधांपैकी एक, स्वतःचा ठरलेला अर्थ असलेला शब्द. त्याच्या शेजारी संज्ञान ठेवलं की वाचक नातं जोडणारच.

मानसशास्त्राचं लिहिताना ‘बोध’, ‘बोधात्मक’ चालतं. न्यायाचं लिहिताना ‘ज्ञान’. पण एक पक्कं लक्षात ठेवा, न्यायातलं ‘ज्ञान’ खोटंही असतं. भ्रम, संशय हीसुद्धा ज्ञानंच. खरं ज्ञान म्हणजे ‘प्रमा’ (यथार्थ अनुभव). मराठीत ‘ज्ञान’ म्हटलं की खरंच असणार असं आपण धरतो, ‘ज्ञानी माणूस’ वगैरे. टिपणाच्या वरच ही तळटीप द्या: इथे ज्ञान म्हणजे जाणणं, खरं असो की खोटं.

---

हळदपेठ (सांगली)

सगळ्यांचा ऋणी आहे. टिपणात मूळ शब्दच ठेवतो, भाषांतर करत नाही. व्याख्या अशी लिहिली आहे:

‘अनुव्यवसाय (पु.): एखादे ज्ञान झाल्यावर लगेच मागून होणारे, त्या ज्ञानाचे ज्ञान. उदा. “हे हळकुंड” या ज्ञानामागून “मी हळकुंड जाणतो” असे होणारे ज्ञान. याने ज्ञान झाल्याचे कळते, ते खरे असल्याचे कळत नाही. निर्विकल्पकाचा अनुव्यवसाय होत नाही.’

चालेल?

---

घाटावरचा_वाईकर

एक दुरुस्ती. ‘ज्ञानाचे ज्ञान’ सैल पडतं. समोरच्या व्यापाऱ्याने कांडी मोडून मान हलवली, त्यावरून ‘याला माल कळला’ हे तुम्ही ताडलंत. तेही ज्ञानाचं ज्ञानच झालं, पण अनुमानाने, आणि दुसऱ्याच्या ज्ञानाचं. अनुव्यवसाय फक्त स्वतःच्या ज्ञानाचा आणि फक्त मनाने. तेव्हा ‘त्या स्वतःच्या ज्ञानाचे मानसप्रत्यक्ष’ असं करा. आणि ‘न्यायमते’ हा शब्द सुरुवातीला टाका, नाहीतर पाटकरींचा साक्षी भांडायला येईल.

---

पाटकरी

साक्षी भांडत नाही हो, तो नुसता बघतो. भांडेल तो प्राभाकर.

---

हळदपेठ (सांगली)

दोन्ही बदल केले. मानसप्रत्यक्षाच्या नोंदीत ‘बौद्ध अर्थ वेगळा, तिथे पाहा’ असंही जोडलं. ज्ञाततेची चौकट मिरजकरांच्या प्रतिसादावरून भरतो आहे. त्यात अडलं तर इथेच लिहितो.